हेलिकॉप्टरच्या शेपटीवरची अक्षरं वाचून मालक कसा शोधायचा

गावात हेलिकॉप्टर उतरलं की दोन प्रश्न लगेच सुरू होतात, आत कोण होतं आणि हे कुणाचं. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं, दुसऱ्याचं मात्र जो तो आपल्या मनाने देतो, कुणी म्हणतं साहेबांचं स्वतःचं आहे, कुणी म्हणतं अमक्या बिल्डरने दिलंय, आणि तेच संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरून पक्कं होऊन जातं, कधी कधी तर बातमीतसुद्धा तसंच छापून येतं. मला हे मनापासून खटकतं, कारण खरं उत्तर त्या हेलिकॉप्टरच्या अंगावर मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं आणि ते तपासायला ना कुणाची ओळख लागते ना पैसे, इंटरनेट असलेला फोन आणि थोडा धीर पुरतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एका हेलिकॉप्टरमागे तीन वेगळे लोक असू शकतात. ज्याच्या नावावर ते सरकारदरबारी नोंदलंय तो मालक, जी कंपनी परवाना घेऊन, पायलट आणि इंजिनिअर ठेवून ते चालवते ती ऑपरेटर, आणि त्या दिवशी आत बसलेला माणूस ज्याने भाडं भरलंय किंवा ज्याच्यासाठी दुसऱ्या कुणी भरलंय. शेपटीवरची अक्षरं तुम्हाला पहिल्यापर्यंत नेतात, थोडं जास्त शोधलं तर दुसऱ्यापर्यंतही, पण तिसऱ्याचा त्या अक्षरांशी काहीही संबंध नसतो. लग्नात नवरा-नवरी हेलिकॉप्टरने येतात, जत्रेत देवळावर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकतात, निवडणुकीत एकाच दिवसात चार सभा होतात, यातली बहुतेक हेलिकॉप्टरं तासांच्या हिशोबाने भाड्याने आणलेली असतात आणि आज एका पक्षाचा नेता ज्यातून उतरला त्यातूनच परवा दुसऱ्या पक्षाचा उतरू शकतो.

अक्षरं कुठे असतात आणि कशी वाचायची

भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाचा आणि हेलिकॉप्टरचा नंबर व्हीटी या दोन अक्षरांनी सुरू होतो, मग एक आडवी रेघ आणि मग तीन अक्षरं. इथे मी देवनागरीत लिहितोय पण हेलिकॉप्टरवर ती रोमन कॅपिटल अक्षरंच असतात, आकडे नसतात. व्हीटी म्हणजे देशाची खूण, पुढची तीन अक्षरं त्या एका हेलिकॉप्टरची. ही व्हीटीची खूण १९२७ च्या वॉशिंग्टनच्या रेडिओ परिषदेत देशांना जी कॉल साइन, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायची अक्षरं, वाटून दिली तिथून आलीय, त्यावेळी व्ही ने सुरू होणारे गट ब्रिटिश साम्राज्यातल्या प्रदेशांना मिळाले म्हणून ऑस्ट्रेलियाचं व्हीएच आणि आपलं व्हीटी.

१९४४ च्या शिकागो करारात हे सगळं बांधून दिलंय. विमान ज्या देशात नोंदलं त्या देशाचं नागरिकत्व त्याला मिळतं, एकाच वेळी दोन देशांत नोंद करता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रत्येक विमानाने खूण दाखवलीच पाहिजे. या कराराच्या सातव्या परिशिष्टात अक्षरांचं मापही आहे, बाजूवरची अक्षरं कमीत कमी ३० सेंटीमीटर उंच, साधी, नक्षी नसलेली, आणि रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश. एसओएस, पॅन असले धोक्याचे इशारे वाटतील किंवा क्यू ने सुरू होतील अशा तीन अक्षरांच्या जोड्या देतच नाहीत, त्यामुळे तुम्हाला फोटोत पहिलं अक्षर क्यू दिसत असेल तर ते बहुतेक ओ, जी नाहीतर डी असणार.

हेलिकॉप्टरवर ही अक्षरं शेपटीच्या लांब दांड्यावर दोन्ही बाजूंना बघा, तिथे नसतील तर इंजिनच्या झाकणावर किंवा मागच्या दाराच्या आसपास, आणि काहींच्या पोटाखालीही असतात जी उडताना खालून दिसतात. शिवाय प्रत्येकात दाराजवळ एक न जळणारी धातूची पट्टी बसवलेली असते, तिच्यावरही हाच नंबर कोरलेला असतो, अपघातात सगळं जळालं तरी ओळख पटावी म्हणून. ती पट्टी बघायला तुम्हाला कुणी जाऊ देणार नाही आणि जाऊही नका. पंखा फिरत असेल तर हेलिकॉप्टरच्या जवळ अजिबात जायचं नाही, मागच्या बाजूने तर कधीच नाही, शेपटीचा पंखा फिरताना डोळ्यांना दिसतसुद्धा नाही आणि त्याने माणसं मेलेली आहेत. अक्षरं लांबून झूम करून टिपता येतात, त्यासाठी जीव घालवायची काही गरज नाही.

फोटोपेक्षा व्हिडिओ बरा पडतो, सगळ्यात जास्त रिझोल्यूशनवर घ्या आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा, उतरताना हेलिकॉप्टर वळतं तेव्हा बाजू पूर्ण समोर येते तो क्षण पकडा. बऱ्याच खाजगी हेलिकॉप्टरांवर अक्षरं रंगाच्या पट्ट्यात मिसळून जातील अशी असतात, अशा वेळी फोटो काळापांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवला की एकदम उठून दिसतात. पी आणि आर, सी आणि जी, एम आणि एन, व्ही आणि वाय, ओ आणि डी यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून शंका असेल तिथे एकच अक्षर ठरवून मोकळं न होता दोन्ही शक्यता लिहून ठेवा. वेळ, जागा, कुठल्या दिशेने आलं आणि कुठे गेलं हेही तेव्हाच लिहा, पुढे लागतं.

आणि हो, विमानतळाच्या आत किंवा लष्करी तळाजवळ परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्यातलं दाबोळी आणि मुंबईत कुलाब्याचा शिक्रा हेलिपोर्ट नौदलाचा, तिथे हौस म्हणून कॅमेरा लावलात तरी चौकशी होणार.

अक्षरं अर्धीच दिसली तर

हा भाग मला सगळ्यात आवडतो. पाचपैकी व्हीटी धरून चार अक्षरं मिळाली आणि हेलिकॉप्टरचं मॉडेल ओळखता आलं तर काम बहुतेक होतंच, कारण त्या अक्षरांची त्या मॉडेलची हेलिकॉप्टरं देशात एखाददुसरीच असणार. मॉडेल ओळखायला तीन गोष्टी बघा, वरच्या पंख्याला पाती किती, खाली चाकं आहेत की घसरपट्टीसारख्या नळ्या ज्यांना स्किड म्हणतात, आणि शेपटीचा पंखा उघडा आहे की गोल खिडकीत बसवलेला.

दोन पाती आणि उंच खांबावर बसवलेला पंखा, छोटंसं अंग, तर रॉबिन्सनचं आर ४४ किंवा आर ६६. दोन पाती पण अंग थोडं मोठं तर बेल २०६. चार पाती, स्किड, एक इंजिन आणि लांबट खिडक्या तर बेल ४०७, हे केदारनाथच्या बाजूला खूप दिसतं. तीन पाती, स्किड आणि उघडा शेपटीपंखा असेल तर एअरबसचं एच १२५, ज्याला जुने लोक अजून एएस ३५० म्हणतात, आणि तसंच दिसणारं पण शेपटीपंखा गोल खिडकीत असलेलं थोडं फुगीर हेलिकॉप्टर म्हणजे एच १३०. चार पाती, आत ओढून घेता येणारी चाकं आणि शेपटीत गोल खिडकी तर डॉफिन, जुहूवरून समुद्रात तेलाच्या फलाटांकडे जाणारी पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीची डॉफिन मुंबईकरांनी हमखास बघितलेली असतात. चार पाती, आत जाणारी चाकं, निमुळतं नाक आणि उघडा शेपटीपंखा असेल तर ऑगस्टाचं १०९ असू शकतं किंवा त्याहून बरंच मोठं असेल तर सिकॉर्स्कीचं एस ७६. पाच पाती आणि चाकं, मोठं अंग, तर एडब्ल्यू १३९ हा पहिला अंदाज, तसंच पण लहान असेल तर एडब्ल्यू १६९.

मॉडेल ठरलं की मग यादी उघडायची.

यादी कुठली

आपल्याकडे सगळ्या नागरी विमानांची नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे असते, दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोर त्यांचं मुख्य ऑफिस आहे. विमान नोंदलं की मालकाला नोंदणी प्रमाणपत्र मिळतं ज्यावर खूण, बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि मॉडेल, कारखान्याचा सिरियल नंबर, मालकाचं नाव आणि पत्ता एवढं असतं. यातलीच माहिती डीजीसीएच्या वेबसाइटवर नोंदणीकृत विमानांच्या यादीत बघायला मिळते. वेबसाइटची मांडणी अधूनमधून बदलते म्हणून मी कुठे क्लिक करायचं ते सांगत बसत नाही, साइटवरच्या सर्चमध्ये रजिस्टर्ड एअरक्राफ्ट असं इंग्रजीत टाका आणि जी सगळ्यात ताजी फाइल असेल ती उघडा. शोधताना व्हीटी आणि रेघ टाकू नका, नुसती शेवटची तीन अक्षरं टाका, कारण एका यादीत रेघ असते आणि दुसरीत नसते आणि मग असलेली नोंदही सापडत नाही. अर्धीच अक्षरं असतील तर मॉडेलच्या नावाने शोधून त्यातून गाळत जा.

यादीवर तारीख असते ती लिहून ठेवा. हेलिकॉप्टर विकलं जाऊन नोंद बदलेपर्यंत मधे वेळ जातो, म्हणजे कालची यादी आजच्या मालकाबद्दल चुकीचं सांगू शकते, त्यामुळे नेहमी "अमुक तारखेच्या यादीनुसार" असंच म्हणायचं.

मालकाच्या जागी नाव चार प्रकारचं निघतं. एक, हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीचंच, तिथे काम संपलं. दोन, एखाद्या सरकारचं किंवा सरकारी कंपनीचं. तीन, साखर, बांधकाम, स्टील, औषधं असल्या कुठल्यातरी धंद्यातल्या कंपनीचं, जिने ते स्वतःच्या वापरासाठी घेतलंय. आणि चार, कधी न ऐकलेल्या प्रायव्हेट लिमिटेडचं किंवा परदेशी भाडेपट्टा कंपनीचं, इथे खरी मेहनत सुरू होते.

दुसरी यादी आहे ती नॉन शेड्यूल्ड ऑपरेटरांची, म्हणजे वेळापत्रक नसलेली भाड्याची उड्डाणं करायचा परवाना ज्यांच्याकडे आहे त्यांची, हीपण डीजीसीएच प्रसिद्ध करते आणि तिच्यात ऑपरेटरचं नाव आणि त्याच्या परवान्यावर असलेली विमानं-हेलिकॉप्टरं त्यांच्या नंबरांसकट असतात. मालकाच्या यादीत एक नाव आणि या यादीत त्याच नंबरपुढे दुसरं नाव आलं तर समजायचं की मालकाने ते ऑपरेटरकडे चालवायला दिलंय, हा अगदी नेहमीचा व्यवहार आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. पण हेलिकॉप्टर खाजगी वापराच्या नोंदीवर असेल आणि या यादीत त्याचा नंबरच नसेल तर ते पैसे घेऊन भाड्याने देता येत नाही. रस्त्यावरच्या टॅक्सीला पिवळी पाटी असते तसं हेलिकॉप्टरवर बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून लग्नाला किंवा कार्यक्रमाला हेलिकॉप्टर ठरवणाऱ्यांनी तरी ही यादी नक्की बघावी, दलाल काय सांगतो त्यावर जाऊ नये, कारण परवान्यावर असलेल्या ऑपरेटरला देखभाल, पायलटचे तास, विमा या सगळ्याचा हिशोब द्यावा लागतो आणि आत आपलीच माणसं बसणार असतात.

अक्षरांवरून अंदाज, किती खरा

मालकाला आपल्या पसंतीची अक्षरं मागता येतात, म्हणून कधी कधी अक्षरंच बोलतात. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच तारांमध्ये अडकून कोसळलं, सगळे वाचले, ते सिकॉर्स्की एस ७६ होतं, मालक महाराष्ट्र सरकार आणि नंबर व्हीटी-सीएमएम. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी ज्या अपघातात गेले ते बेल ४३० आंध्र सरकारचं होतं, नंबर व्हीटी-एपीजी. पवनहंसच्या कितीतरी हेलिकॉप्टरांवर पीएच किंवा पीडब्ल्यू असतं, १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून ओएनजीसीच्या लोकांना घेऊन निघालेलं आणि समुद्रात पडलेलं डॉफिन व्हीटी-पीडब्ल्यूए होतं, एप्रिल २०११ मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू ज्यात गेले ते व्हीटी-पीएचटी.

आता उलट बाजू बघा. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात बावधनजवळ सकाळच्या धुक्यात पडलेलं ऑगस्टा १०९, ज्यात दोन पायलट आणि एक इंजिनिअर असे तिघं गेले, ते हेरिटेज एव्हिएशनचं होतं आणि नंबर व्हीटी-ईव्हीव्ही. या अक्षरांत हेरिटेजचं काही शोधून सापडत नाही. केदारनाथच्या मार्गावर १८ ऑक्टोबर २०२२ ला पडलेलं बेल ४०७ व्हीटी-आरपीएन आणि १५ जून २०२५ ला गौरीकुंडजवळ पडलेलं व्हीटी-बीकेए, दोन्ही चालवत होती आर्यन एव्हिएशन, आणि दोन्ही नंबरांत आर्यनचा मागमूस नाही. याचं कारण साधं आहे, देशातल्या देशात हेलिकॉप्टर विकलं तर सहसा नंबर तोच राहतो, म्हणजे पहिल्या मालकाने हौसेने घेतलेली आद्याक्षरं तिसऱ्या मालकाच्या हेलिकॉप्टरवरही मिरवत असतात. म्हणून अक्षरं एखाद्या नेत्याच्या किंवा उद्योगपतीच्या नावाशी जुळतायत एवढ्यावरून कधीही काही छापू नका, फॉरवर्ड करू नका, जुळलं तर तो यादीत शोधायचा धागा समजा आणि यादीत जे लिहिलंय तेच धरा.

कंपनीच्या मागे कोण

मालक म्हणून अनोळखी कंपनी आली तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर जा. कंपनीचं नाव टाकलं की नोंदणी क्रमांक, नोंदलेलं ऑफिस, स्थापनेची तारीख, कंपनी चालू आहे की बंद हे फुकटात दिसतं, संचालक कोण ते कळतं, आणि कर्जाच्या बोज्यांची यादी बघितली तर कुठल्या बँकेने पैसे दिलेत तेही बऱ्याचदा समजतं. ऑफिसचा पत्ता दुसऱ्या एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाच्या पत्त्याशी जुळणं, संचालक तेच असणं, यावरून समूह ओळखता येतो. पण संचालक म्हणजे मालक नव्हे, शेअर कुणाकडे आहेत ते बघायला वार्षिक विवरणपत्र फी भरून काढावं लागतं, आणि बातमी करणार असाल तर ते काढाच.

परदेशी कंपनीचं किंवा बँकेचं नाव असेल तर ते बहुतेक भाडेपट्टा किंवा कर्जाचं प्रकरण. विमानांवरच्या अशा हक्कांची आंतरराष्ट्रीय नोंद केपटाउन कराराखाली होते, भारत त्यात २००८ पासून आहे, आणि तिथे शोध सिरियल नंबरवरून घेतात. सिरियल नंबर ही फार कामाची गोष्ट आहे, नंबर बदलला, देश बदलला, रंग बदलला तरी कारखान्याचा सिरियल नंबर जन्मभर तोच राहतो, त्यामुळे हेलिकॉप्टरचा पूर्वीचा इतिहास बघायचा तर तो आधी टिपून घ्या आणि हेलिस डॉट कॉम किंवा जेटफोटोज अशा हौशी लोकांच्या साइटवर शोधा. त्या साइट अधिकृत नाहीत पण जुने फोटो तारखेसकट असतात आणि रंगावरून, चिन्हावरून ऑपरेटर कधी बदलला ते लक्षात येतं.

परदेशातले नंबर

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सगळं जास्त सोपं आहे. तिथला नंबर एन ने सुरू होतो आणि एफएए, म्हणजे तिथल्या डीजीसीएसारख्या सरकारी खात्याच्या रजिस्ट्रीत तो टाकला की लगेच नोंद उघडते. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट २६ जानेवारी २०२० ला ज्या अपघातात गेला ते हेलिकॉप्टर एन७२ईएक्स, त्याची नोंद आयलंड एक्सप्रेस होल्डिंग कॉर्पोरेशनच्या नावावर होती आणि चालवत होती आयलंड एक्सप्रेस हेलिकॉप्टर्स, म्हणजे मालक एक, ऑपरेटर दुसरा, प्रवासी तिसरा, तिन्ही जागा एकाच उदाहरणात स्पष्ट दिसतात. तिथे ट्रस्टच्या नावावर नोंद करायची पद्धतही खूप आहे, मग मालकाच्या जागी विश्वस्त बँक दिसते आणि खरा लाभार्थी दिसत नाही. शिवाय मार्च २०२५ पासून खाजगी मालकांना आपलं नाव-पत्ता लोकांपासून झाकायची विनंती एफएएकडे करता येते, तेव्हा कोरी नोंद आली तर हे कारण असू शकतं.

ब्रिटनमध्ये जी, रेघ आणि चार अक्षरं, तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाच्या जी इन्फो यादीत फुकट बघता येतं. लेस्टर सिटी क्लबच्या मैदानाबाहेर २७ ऑक्टोबर २०१८ ला पडलेलं क्लबमालकाचं एडब्ल्यू १६९ जी-व्हीएसकेपी होतं. दोन्ही देशांचे नियम सांगतात की नोंदणी प्रमाणपत्र हा कोर्टात मालकीचा पुरावा होत नाही, नोंद म्हणजे जबाबदार कोण याची नोंद, हे वाक्य मालक शोधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. जर्मनीत हेलिकॉप्टरांना डी नंतर एच येतं त्यामुळे नंबरवरूनच प्रकार कळतो. नेपाळ ९एन, अमिरात ए६, श्रीलंका ४आर, कॅनडा सी. आइल ऑफ मॅनचं एम, केमनचं व्हीपी-सी, सॅन मारिनोचं टी७ दिसलं तर श्रीमंत लोक आणि कंपन्या सोयीसाठी तिथे नोंदवतात एवढं समजा, मालक तिथे राहतो असा त्याचा अर्थ होत नाही.

ट्रॅकिंग ॲप

उडणारी विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार २४ किंवा एडीएसबी एक्सचेंजवर हेलिकॉप्टर दिसलं तर नंबर आयता मिळतो. प्रत्येक विमानाच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे रेडिओवरून आपली ओळख सांगणाऱ्या यंत्राला, एक सहा खुणांचा कोड असतो, भारतातल्या विमानांचा ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होतो, तेव्हा नंबर कोरा असला तरी कोडवरून भारतीय आहे हे तरी कळतं. पण हेलिकॉप्टर खालून उडतं आणि सिग्नल सरळ रेषेत जातो, सह्याद्रीच्या घाटात किंवा कोकणात खाली उतरलं की ते नकाशावरून गायब होतं, यात कुणी काही लपवतंय असं समजू नका, जवळपास रिसीव्हर नसतो एवढंच. फुकट खात्यात जुनी उड्डाणं थोड्याच दिवसांची दिसतात, म्हणून लागणार असेल तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या.

व्हीटी दिसलंच नाही तर

मग ते बहुतेक सैन्यदलाचं. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांचे नंबर झेड ने सुरू होतात आणि पुढे आकडे, ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत ज्यात गेले ते एमआय १७ झेडपी ५१६४ होतं. नौदलाचं आयएन आणि आकडे, तटरक्षक दलाचं सीजी आणि आकडे, लष्कराचं आयए. यांची सार्वजनिक यादी नसते आणि मालक शोधायचाही प्रश्न नसतो, पूरात किंवा गडावर अडकलेल्यांना काढायला येतात ती बहुतेक हीच, त्यांचे नंबर आणि हालचाली इंटरनेटवर टाकत बसू नका. सीमा सुरक्षा दलाची विमानं मात्र नागरी नोंदीत असतात, त्यांच्या एका सुपर किंग विमानाचा नंबर व्हीटी-बीएसए होता, तेव्हा खाकी रंग बघून लष्कराचं म्हणू नका, नंबर बघा.

इतकं करूनही अडलं तर

अपघात झाला असेल तर विमान अपघात तपास विभाग, म्हणजे एएआयबी, आपल्या साइटवर अहवाल टाकतो आणि त्यात अगदी पहिल्या पानावर मालक आणि ऑपरेटर अशा दोन वेगळ्या ओळी असतात, मालकीबद्दल याच्याइतका पक्का कागद सहज मिळत नाही. अपघात नसेल आणि हेलिकॉप्टर सरकारी कामासाठी किंवा तुमच्या गावात तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरलं असेल तर माहितीचा अधिकार आहे. माझ्या मते इथे डीजीसीएपेक्षा जिल्हाधिकारी कार्यालय जास्त उपयोगी पडतं, कारण तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरायचं तर जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं, पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमनची गाडी लागते, आणि तो पत्रव्यवहार फाइलला असतो, त्यात बहुतेक ऑपरेटरचं नाव, हेलिकॉप्टरचा नंबर आणि वेळ असते. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न नेमका विचारा, "अमुक तारखेला अमुक गावात उतरलेल्या व्हीटी अमुक हेलिकॉप्टरच्या परवानगीसाठी आलेल्या पत्राची प्रत द्यावी" असा, "हेलिकॉप्टर कुणाचं होतं" असा विचारलात तर माहिती उपलब्ध नाही असं उत्तर येणार. सरकारने भाड्याने घेतलं असेल तर बिलाची प्रतही मागा, तिसऱ्या माणसाचं म्हणजे भाडं भरणाऱ्याचं नाव कळायचा तोच एक सरळ मार्ग आहे.

खूप खालून उडतंय, घरावरून घिरट्या घालतंय अशी तक्रार करायची असेल तर मालक शोधत बसायची गरज नाही, नंबर, तारीख, वेळ, जागा आणि व्हिडिओ एवढं डीजीसीएला आणि स्थानिक पोलिसांना द्या, ते ऑपरेटरपर्यंत पोचतात.

लिहिताना मी स्वतः नेहमी चार गोष्टी वेगळ्या लिहितो: नंबर, नोंदणीकृत मालक यादीच्या तारखेसकट, ऑपरेटर त्याच्या यादीच्या तारखेसकट, आणि प्रवासी कोण हे कुठून कळलं. यातली जी गोष्ट मिळाली नाही ती जागा रिकामी ठेवतो. आणि मालक कंपनी नसून एखादा खाजगी माणूस निघाला तर त्याचा घरचा पत्ता यादीत असला तरी पुढे पाठवत नाही, नाव आणि यादीची तारीख एवढंच देतो.